कॉर्नरबॅक, रिटर्नर आणि ते तिसरं काम

प्रश्न असा आला आहे: "मुलगा लॉस एंजेलिसजवळच्या हायस्कूलमध्ये दहावीत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक खेळतो. पळतो चांगला, म्हणून कोचने यंदा किकऑफ आणि पंट परतवायलाही त्यालाच उभं केलंय. यूएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) अदोरी जॅक्सनचे जुने व्हिडिओ बघून त्याने ठरवूनच टाकलंय की कॉर्नर, रिटर्नर आणि जमलं तर रिसीव्हर, सगळंच करायचं. कॉलेजच्या निवडीत याचा उपयोग होईल, की एक ना धड भाराभर चिंध्या होतील?"

मी बरीच वर्षं हायस्कूलच्या डिफेन्सिव्ह बॅक्सना (पासविरुद्ध मागे बचाव करणाऱ्यांना) शिकवतोय आणि स्पेशल टीम्सही (किकच्या डावांचे संघ) बहुतेकदा माझ्याच गळ्यात असतात, तेव्हा हा प्रश्न मला नवा नाही. खेळ नवा असणाऱ्यांसाठी: रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा, कॉर्नर (कॉर्नरबॅक) म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, आणि रिटर्नर म्हणजे समोरच्याने पायाने मारलेला चेंडू (किकऑफ किंवा पंट) झेलून परत पळणारा. उत्तर आधीच देतो: पहिली दोन कामं करू द्या, तिसऱ्याला अजून दोन वर्षं हात लावू देऊ नका. त्या दोन कामांतही कॉर्नरचं काम आधी. परतीचं काम त्याच्या जोडीला शोभतं, त्याच्या जागी नाही.

मुलाने उदाहरण मात्र अचूक निवडलंय. जॅक्सन मूळचा इलिनॉयमधल्या बेलव्हिलचा, पण हायस्कूल केलं ते तुमच्या बाजूच्याच गार्डीनात, सेरामध्ये. तिथून २०१४ साली तो यूएससीत गेला. पहिल्याच वर्षी हॉलिडे बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नेब्रास्काविरुद्ध त्याने ९८ यार्डांचा किकऑफ परतवून टचडाऊन केला (म्हणजे चेंडू गोल लाईनपलीकडे नेला) आणि त्याच सामन्यात ७१ यार्डांचा पासही झेलून टचडाऊन केला. यूएससीने तो सामना ४५-४२ असा जिंकला. तुमच्या मुलाने जो व्हिडिओ दहा वेळा पाहिला असणार तो त्याच्या पुढचा, नोव्हेंबर २०१६चा, नोत्र दामविरुद्धचा. एका सामन्यात ५५ यार्डांची पंट रिटर्न, ५२ यार्डांचा पास आणि ९७ यार्डांची किकऑफ रिटर्न, तिन्हींवर टचडाऊन. असं काही बघितलं की सोळा वर्षांच्या पोराला वाटणारच की तिन्ही कामं करणं हेच मोठेपण.

आता त्याला त्या व्हिडिओच्या मागचे आकडे दाखवा. २०१५ मध्ये, दुसऱ्या वर्षी, जॅक्सनला रिसीव्हर म्हणून भरपूर वापरलं. त्याने २७ पास झेलले, ४१४ यार्ड मिळवले. त्या वर्षी कॉर्नर म्हणून त्याची इंटरसेप्शन्स (समोरच्याचे मध्येच हिसकावलेले पास) किती? एक. २०१६ मध्ये त्याला आक्रमणात मोजक्याच डावांना आणलं, बाकी लक्ष बचावावर आणि परतीवर. इंटरसेप्शन्स पाच झाली, परतीवर चार टचडाऊन आले (दोन किकऑफवर, दोन पंटवर) आणि देशातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकला मिळणारा जिम थॉर्प पुरस्कार त्याच्या हाती आला. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत टेनेसी टायटन्सनी त्याला अठराव्या क्रमांकावर उचललं, ते कॉर्नरबॅक म्हणून. पाच इंटरसेप्शन्सचं सगळं श्रेय रिसीव्हिंग कमी केल्याला देता येणार नाही, त्या वर्षी बचावाचा कोऑर्डिनेटरही बदलला होता आणि पोरगा एका वर्षाने मोठाही झाला होता. पण मैदानावर उभं राहून बघणाऱ्याला कारण ओळखू येतं, आणि ते दमण्याशी जोडलेलं आहे.

डावांचा क्रम नीट डोळ्यांसमोर आणा. समोरचा संघ पंट कधी मारतो? तिसरा डाऊन फसल्यावर (दहा यार्ड पुढे जायला चार डाऊन, म्हणजे चार संधी असतात; चौथीला बहुतेकदा चेंडू लांब मारून देतात, तो पंट). म्हणजे तुमचा कॉर्नर नुकताच तीन, सहा, कधी नऊ डाव रिसीव्हरच्या मागे पळून आलेला असतो. शेवटच्या डावात तर बहुतेकदा लांबचा पास असतो, म्हणजे पूर्ण वेगात तीस-चाळीस यार्ड. तसाच तो मागे जाऊन पंट झेलायला उभा राहतो. किकऑफचं तर याहून वाईट. समोरच्याने गुण केले की किकऑफ आपल्याकडे येतो. कदाचित ज्याच्यावर टचडाऊन झाला तोच कॉर्नर असतो तो, मान खाली घालून एंड झोनमधून (गोल लाईनमागच्या पट्ट्यातून) चालत येणारा, आणि दीड-दोन मिनिटांत त्यालाच गोल लाईनवर उभं राहून चेंडू झेलायचाय. रिटर्नर म्हणून घेतलेल्या रिसीव्हरला हा त्रास नसतो, तो बाकावरून ताजा येतो. कॉर्नर-रिटर्नर मात्र कायम दमलेला असतो, कधीकधी चिडलेलाही. त्याला मिळणारी विश्रांती म्हणजे परतीनंतर आपलं आक्रमण मैदानावर असतं तेवढा वेळ. तिसरं काम दिलं की नेमका तोच वेळ जातो.

ट्रॅव्हिस हंटरचं नाव तुमचा मुलगा लगेच काढेल. काढू द्या. हंटरने कोलोरॅडोत रिसीव्हर आणि कॉर्नर दोन्ही पूर्ण वेळ खेळून २०२४ची हाइजमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मोठा पुरस्कार, मिळवली, त्या हंगामात ९६ झेल आणि ४ इंटरसेप्शन्स. एकेका सामन्यात शंभरावर डाव खेळायचा तो. पण त्याच्याकडे परतीचं काम जवळजवळ नव्हतंच, आणि कोच कोण होता? डिऑन सँडर्स. ज्याने फ्लोरिडा स्टेटमध्ये कॉर्नर आणि पंट रिटर्नर म्हणूनच नाव कमावलं, १९८८चा थॉर्प पुरस्कार घेतला, त्याने स्वतःच्या सगळ्यात लाडक्या खेळाडूला त्या कामापासून बऱ्यापैकी लांब ठेवलं. दोन पूर्ण कामं असतील तर तिसरं नाही, हा हिशेब त्यालाही चुकला नाही. चार्ल्स वुडसनचंही तसंच. १९९७ मध्ये मिशिगनकडून खेळताना त्याने पेटन मॅनिंगला मागे टाकून हाइजमन घेतली, मुख्यतः बचावात खेळणाऱ्याने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ओहायो स्टेटविरुद्धची त्याची ७८ यार्डांची पंट रिटर्न सगळ्यांना आठवते, पण त्या हंगामात त्याने आठ इंटरसेप्शन्स घेतली हे कोणी सांगत नाही. आक्रमणात तो अधूनमधून यायचा, चटणी-कोशिंबिरीइतका. पानातला भात म्हणजे कॉर्नर.

आता कॉर्नर आणि रिटर्नर ही जोडी एकमेकांना कुठे पूरक आणि कुठे मारक, हे सांगतो, कारण याबद्दल पालकांना कोणी फारसं सांगत नाही. पूरक बाजू उघड आहे: कंबर वळवण्याची सवय, मोकळ्या जागेत एकास एक, खांद्यावरून येणारा चेंडू हातात घेणं. इंटरसेप्शन घेतल्यावर काय करायचं हेही रिटर्नरला वेगळं शिकवावं लागत नाही.

मारक बाजू आहे डोळ्यांची. परतवणाऱ्याची नजर पायातून चेंडू सुटल्यापासून चेंडूवर खिळलेली असते, असावीच लागते. कॉर्नरचं उलट. त्याने रिसीव्हरच्या कमरेवर नजर ठेवायची आणि चेंडूकडे उशिरा बघायचं. रिसीव्हरच्या खांद्याला खांदा लागलेला असेल तरच मान वळवून चेंडू शोधायचा. अर्धं पाऊल जरी मागे असेल तर चेंडू विसरायचा, रिसीव्हरचे हात वर जाताना बघायचे आणि त्या हातांमधून आपला हात घालायचा. ज्या मुलांना परतीची चटक लागलेली असते ती कॉर्नर खेळतानाही क्वार्टरबॅककडे (पास फेकणाऱ्याकडे) टक लावून बसतात, चेंडू कधी सुटतोय याची वाट बघत. हुशार क्वार्टरबॅक एकदा खांदा हलवून खोटा पास दाखवतो, पोरगं पुढे झेपावतं, आणि रिसीव्हर त्याच्या पाठीमागून सरळ निघून जातो. तुमच्या मुलाच्या सामन्यांचे व्हिडिओ बघताना टचडाऊन बाजूला ठेवा आणि स्नॅपनंतरच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावरच्या) पहिल्या सेकंदाला त्याचं हेल्मेट कुठे वळलंय तेवढं बघा. ते सारखं आत वळत असेल तर रिसीव्हरचं सोडाच, मी परतीचं कामही काही आठवडे काढून घेईन.

किकऑफ आणि पंट यांना एकाच मापाने मोजू नका. किकऑफ झेलायला वेळ असतो. झेल सोपा, समोरची भिंत लांब. तिथे वेग लागतो आणि एकदा फट दिसली की न थबकता घुसायची हिंमत लागते. पंटचं तसं नाही. क्रिकेटमध्ये लाँगऑनवर आभाळात गेलेला झेल घ्यायचा आणि त्याच क्षणी आठ जण अंगावर धावून येतायत अशी कल्पना करा. कॉलेजात हे आणखी कठीण, कारण तिथे पंट मारणाऱ्या संघातले सगळेच स्नॅप होताच खाली पळत सुटू शकतात. एनएफएलमध्ये चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त दोन टोकांच्या दोघांनाच सुटता येतं. म्हणून कॉलेजच्या पंटवर बऱ्याचदा परत पळण्याची संधीच नसते, झेल सुखरूप घेणं किंवा चेंडू सोडून देणं एवढंच हातात असतं. पॅट्रिक पीटरसन आणि त्याच्यानंतर टायरन मॅथ्यू, एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट) या दोन्ही कॉर्नर्सनी पंट परतवून सामने फिरवले. मॅथ्यू तर २०११ मध्ये हाइजमनच्या अंतिम यादीत जाऊन बसला. पण त्यांचे पाय ज्याने पाहिलेत त्याला विचारा, पळायला सुरुवात करण्याआधी ते चेंडूखाली किती शांत उभे राहायचे.

ही शांतता शिकवता येते. मी मुलांना पंटचं टोक बघायला शिकवतो. चेंडूचं नाक वरच्या टप्प्यावरून खाली वळलं तर तो लांब वाहत जातो, पाय मागे घ्या. नाक वरच राहिलं तर तो अलीकडे मरतो आणि बाजूलाही सरकतो, पुढे या. डावखुऱ्या पंटरचा चेंडू उलट फिरतो, त्यामुळे सरकतोही उलट. त्याच्याविरुद्ध खेळायचं असेल त्या आठवड्यात डावखुरा मारणारा कोणीतरी शोधून आणावा लागतो, कधी सॉकरच्या संघातून. झेलताना कोपर छातीशी बंद. टाचा दहा यार्डांच्या रेषेवर ठेवायच्या आणि डोक्यावरून गेला तर मागे वळायचं नाही, जाऊ द्यायचा, बहुतेकदा तो एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक होतो, म्हणजे डाव तिथेच थांबतो आणि चेंडू पुढे आणून आपल्याला मिळतो. जमिनीवर टप्पे खाणाऱ्या चेंडूजवळ थांबायचं नाही, आपल्या माणसांनाही ओरडून लांब करायचं. आणि हा सराव ताज्या पायांनी करून काही उपयोग नाही. आधी सांगितलं तसं, सामन्यात तो दमूनच येणार आहे. म्हणून माझ्याकडे पंट झेलण्याचा सराव प्रॅक्टिसच्या शेवटी असतो, आणि प्रत्येक पंटच्या आधी चाळीस यार्ड पळून यावं लागतं. मुलं कुरकुरतात.

एक गोष्ट जॅक्सनच्या व्हिडिओत तुमच्या मुलाच्या लक्षात येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये किकऑफ गोल लाईन ओलांडून गेला की तिथेच मेला, टचबॅक, चेंडू २० वर. जॅक्सनने २०१६ मध्ये यूटाविरुद्ध १०० यार्डांचा किकऑफ परतवला तसला प्रसंग तुमच्या मुलाच्या वाट्याला येऊच शकत नाही. कॉलेजात तो येतो, आणि त्याबरोबर नवा निर्णय येतो: एंड झोनमधून बाहेर पडायचं की नाही? त्यात २०१८ पासून कॉलेजात आणखी एक सोय झाली. २५ यार्डांच्या आत किकऑफचा फेअर कॅच (हाताने खूण करून, पुढे न पळता घेतलेला झेल) घेतला तरी चेंडू २५ वर मिळतो. जॅक्सनच्या काळात ही सोय नव्हती. त्यामुळे नुसत्या किकऑफ परतीच्या जोरावर कॉलेजात जागा मिळवणं आता पूर्वीपेक्षा अवघड झालंय. कोच विचारतो, पंट झेलतोस का? तिथे "हो" म्हणता आलं पाहिजे.

मैदानही बदलतं. हायस्कूलमध्ये हॅश मार्क्स (ज्यांच्या दरम्यानच प्रत्येक डाव सुरू होतो त्या खुणांच्या दोन रेषा) मैदानाचे तीन समान भाग करतात, कॉलेजात त्या दोन रेषांमध्ये ४० फूट असतात. १६० फूट रुंदीच्या मैदानात चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजात अरुंद बाजू ६० फुटांची आणि रुंद बाजू १०० फुटांची. बरेच कोच एक कॉर्नर कायम रुंद बाजूला आणि एक अरुंद बाजूला लावतात. रुंद बाजूच्याला पळायला जास्त लागतं, अरुंद बाजूच्याला धावत येणाऱ्या बॅकला आडवं करावं लागतं आणि साइडलाइनची मदत मिळते. जॅक्सन ५ फूट १० इंचांचा, १८६ पौंडांचा. फार उंच नाही. तुमचा मुलगाही त्याच मापाचा असेल तर एक गोष्ट टाळता येणार नाही: टॅकलिंग. लहान चणीचा कॉर्नर टॅकल टाळतोय असं एकदा फिल्मवर दिसलं की कोच पुढचे व्हिडिओ उघडत नाहीत. परतीचे कितीही टचडाऊन असू देत.

दुखापतीचं बोलायला हवं, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी ते मनात असणारच. नोव्हेंबर २०२२ मध्ये जॅक्सन न्यूयॉर्क जायंट्सचा पहिल्या पसंतीचा कॉर्नर होता. डेट्रॉइटविरुद्ध पंट परतवताना त्याचा गुडघा दुखावला आणि नियमित हंगामाचे उरलेले सामने तो बाहेर बसला. आपला सर्वात चांगला कॉर्नर पंट परतवायला ठेवलाच कशाला, म्हणून कोचवर टीकाही झाली. टीका मला थोडी सोयीची वाटली, कारण त्याच पंटवर तो टचडाऊनला गेला असता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तरी मुद्दा खरा आहे. उघड्या मैदानात लांबून पळत येणाऱ्यांशी होणारी टक्कर वेगळ्या जातीची असते. हायस्कूलमध्ये मी याला एक साधा उपाय करतो: सामना हातात असेल, तीन टचडाऊनची आघाडी असेल, तर कॉर्नरला परतीवरून काढतो आणि दुसऱ्याला अनुभव देतो. तुमच्या कोचला हे सुचवायला हरकत नाही, पण सरावानंतर, एकट्यात, आणि मुलासमोर तर नकोच.

आता निवडीचं. मोठ्या कॉलेजांचे बहुतेक संघ २०२५ पासून १०५ खेळाडूंच्या मर्यादेत आलेत. पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय येणाऱ्यांमुळे संघ खूप फुगलेले असायचे. जागा मोजक्या झाल्या की दोन खोल्यांत बसणारा माणूस बरा पडतो: पहिल्या वर्षी कॉर्नरच्या रांगेत चौथा असलेला मुलगा पंट झेलत असेल तर प्रवासाच्या बसमध्ये त्याला जागा मिळते आणि कोच त्याला रोज बघतो. म्हणून मी दोन कामं म्हणतो. रिसीव्हरची हौस असेल तर उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात-सात जणांचा, फक्त पासचा खेळ) खेळू द्या, रिसीव्हरचे मार्ग स्वतः पळून पाहिले की कॉर्नरलाही ते ओळखता येतात. वसंतात ट्रॅकवर पाठवा. जॅक्सन यूएससीत लांब उडीही मारायचा, २०१५ आणि २०१६ मध्ये पॅक-१२ या कॉलेजांच्या गटाचा विजेता होता. तिन्ही ऋतूंत फुटबॉलच खेळणाऱ्यापेक्षा असा मुलगा कोचना जास्त आवडतो.

कोचना पाठवायची फिल्म बनवताना टचडाऊनचा ढीग सुरुवातीला नको. पहिली पाच-सहा दृश्यं कॉर्नरची, त्यात किमान दोन अशी जिथे पास आलाच नाही, कारण रिसीव्हर मोकळाच नव्हता. मग दोन टॅकल, मोकळ्या मैदानातले. त्यानंतर परतीची दृश्यं, आणि त्यात एक फेअर कॅच मुद्दाम ठेवा, गर्दीत घेतलेला. हायलाइटमध्ये फेअर कॅच टाकणारा मुलगा क्वचितच असतो, आणि स्पेशल टीम्सचा कोच तिथे हमखास थांबतो. शाळेतल्या गुणांचं आपल्या घरांत सांगावं लागत नाही, तरी डिव्हिजन वनसाठी (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) १६ कोअर, म्हणजे मुख्य, विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो, आणि त्यातले १० विषय बारावी सुरू व्हायच्या आधी पूर्ण झालेले असावे लागतात. त्या दहांत इंग्रजी, गणित आणि विज्ञान मिळून सात. काउन्सेलरकडे जाऊन ही यादी याच सत्रात तपासून घ्या. दहावीत ते निवांत जमतं, अकरावीच्या शेवटी धावपळ होते.